आधी आरिमात्सु, मग कुबोता
जपान वस्त्रसहलीला येणाऱ्या मंडळींसाठी माहितीपत्रक

सहलीचं वेळापत्रक हातात पडलं की पहिला फोन ठरलेला: "फुजी इतक्या उशिरा का?" प्रश्न रास्त आहे. तोक्योहून बसने दोन तासांच्या आत कावागुचिको तळ्यावर पोहोचता येतं. मग आधी नागोयाकडे कशाला जायचं?

कारण आम्ही तुम्हाला फुजी दाखवायला नेत नाही. तो दिसला तर बोनस, आणि ढग असतील तर आमचा इलाज नाही. कावागुचिकोला आपण जातो ते इच्चिकू कुबोता या वस्त्रकलाकाराच्या संग्रहालयात त्यांचे किमोनो बघायला. ते किमोनो आरिमात्सु, म्हणजे नागोयाजवळचं कापड बांधून रंगवणाऱ्यांचं गाव, न बघता पाहिले तर देखणी निसर्गचित्रं वाटतात. लोक चक्कर मारतात, "वा" म्हणतात आणि चहा कुठे मिळेल ते विचारतात. आरिमात्सुत एखाद्या बाईला कापड बांधताना दहा मिनिटं बघून आलेला माणूस मात्र त्याच किमोनोपुढून लवकर हलत नाही. हा फरक आम्ही गटामागून गट पाहिला आहे, म्हणून सहलीचा क्रम असा लावला. तो बदलून मिळणार नाही, क्षमस्व.

कुबोता कोण होते

जन्म १९१७चा, तोक्योतला. चौदाव्या वर्षी ते किमोनोवर हाताने रंगकाम करणाऱ्या एका कलाकाराकडे उमेदवारीला लागले. विसाव्या वर्षी, आज तोक्यो राष्ट्रीय संग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात, त्यांना जुन्या कापडाचा एक तुकडा दिसला. ते कापड त्सुजिगाहाना पद्धतीचं होतं. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्याच्या सुरुवातीपर्यंत जपानात ही पद्धत भरात होती. फुलापानाच्या कडेने टाके घालायचे, दोरा ओढून कापड आवळायचं आणि रंगवायचं. सुटल्यावर त्यावर शाईने बारीक रेघा काढायच्या, कधी सोन्याचा वर्ख लावायचा. तोकुगावा इएयासुसारख्या सत्ताधीशांच्या अंगावर असली वस्त्रं असत. पुढे हाताने चित्र काढून रंगवण्याची युझेन पद्धत आली आणि त्सुजिगाहाना मागे पडली. ज्या विशिष्ट रेशमावर ती होत असे, ते विणणंही थांबलं.

मध्येच युद्ध आलं. कुबोतांना सैन्यात जावं लागलं आणि युद्ध संपल्यावर सैबेरियात युद्धकैदी म्हणून राहावं लागलं. तिथल्या सूर्यास्ताचे रंग त्यांच्या पुढच्या किमोनोंत वारंवार येतात. मायदेशी परतल्यावर पोटापाण्याचं काम सांभाळून त्यांनी त्या तुकड्याचा पाठपुरावा चालू ठेवला. जुनं रेशीम मिळेना, तेव्हा चिरिमेन हे सुरकुतीदार रेशीम घेतलं. वनस्पतिजन्य रंगांऐवजी कृत्रिम रंग वापरले. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही. आम्हाला वाटतं, त्यांनी तेव्हा हट्ट धरला असता तर आज बघायला काहीच उरलं नसतं. आपल्या पद्धतीला त्यांनी 'इच्चिकू त्सुजिगाहाना' असं स्वतःचंच नाव दिलं, हेही प्रामाणिकपणाचंच म्हणायचं.

पहिलं प्रदर्शन भरलं १९७७ साली तोक्योत. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. त्यानंतर मात्र प्रदर्शनं परदेशातही गेली. १९९५ साली वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात त्यांचे किमोनो मांडले गेले. निधनानंतर, २००८-०९मध्ये, अमेरिकेतच सॅन दिएगो आणि ओहायोतल्या कँटन इथे मोठी मांडणी झाली. तळ्याकाठचं संग्रहालय त्यांनी हयातीतच, १९९४ साली उघडलं.

आरिमात्सुत काय बघाल

नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेच्या गाडीने वीसेक मिनिटं. स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच जुना तोकाइदो रस्ता लागतो, एदो (आजचं तोक्यो) आणि क्योटो जोडणारा. १६०८ साली ओवारीच्या सरदाराने या रस्त्यावर हे गाव वसवलं. शेतीला जमीन जेमतेम, म्हणून गावकऱ्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांना काहीतरी विकायचं ठरवलं. नागोयाचा किल्ला बांधायला दक्षिणेकडून आलेल्या माणसांच्या अंगावर बांधून रंगवलेलं कापड होतं. ते पाहून ताकेदा शोकुरो याने तसले सुती पंचे करायला सुरुवात केली, असं गावाचा इतिहास सांगतो. धंदा असा चालला की चित्रकार हिरोशिगेने तोकाइदोवरचे मुक्काम छापचित्रांत आणले, तेव्हा शेजारच्या नारुमीच्या चित्रात कापडं टांगलेली दुकानंच काढली. रस्त्यावरची जुनी व्यापारी घरं आजही उभी आहेत, आणि २०१६पासून हा भाग राष्ट्रीय पातळीवर जतनाखाली आहे.

घरं बघा, फोटो काढा, पण खरा वेळ ठेवा तो शिबोरी काइकानसाठी, म्हणजे शिबोरीच्या (कापड बांधून रंगवण्याच्या कलेच्या) केंद्रासाठी. तळमजल्यावर दुकान आहे, वर प्रात्यक्षिक. तिथे एखादी अनुभवी बाई लाकडी घोडीपुढे बसलेली असते. घोडीला वर एक आकडी असते. ती निळ्या खुणेवर कापड आकडीत अडकवते, बोटांनी भराभर चुण्या घालते, आणि दोरा खालून वर असा गुंडाळत नेते की कापडाचं निमुळतं शिंग तयार होतं. मग पुढची खूण. हात थांबत नाहीत, नजर मात्र अधूनमधून तुमच्याकडे असते. हा 'कुमो', म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखा नमुना. 'कानोको'त चिमटीत मावेल एवढंच कापड धरून त्याला दोऱ्याचे वेढे देतात, आणि एका किमोनोवर असे हजारो ठिपके येतात. १६८३ साली शोगुनच्या सरकारने उधळपट्टी रोखायला फर्मान काढलं, त्यात पूर्ण कानोकोने भरलेल्या कापडावर बंदी होती. एवढ्यावरून त्याच्या किमतीचा अंदाज यावा.

आपल्याकडच्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. कच्छची बांधणी आणि कानोको एकाच घराण्यातली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली ठिपक्यांची वस्त्रं बांधणीची असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. राजस्थानचा लहरिया जवळ असेल तर 'अराशी' नक्की बघा: खांबाभोवती कापड तिरकं गुंडाळून, दोरा वेढून, एका टोकाला दाबत नेतात आणि तसंच रंगवतात. वादळी पावसासारख्या तिरप्या रेघा उमटतात. खांबावरची ही पद्धत एकोणिसाव्या शतकात याच गावात निघाली.

एक गोष्ट मुद्दाम विचारा. सोडलेलं पण अजून इस्त्री न झालेलं कापड हातात द्यायला सांगा. दोरा ओढताच गाठी पटपट सुटतात आणि कापड उभारलेलं, चुण्याचुण्यांचं राहतं. बोट फिरवून बघा. ही खडबड लक्षात ठेवायची आहे, कावागुचिकोला उपयोगी पडेल.

संग्रहालयाच्या दालनात

बस तळ्याकाठी संग्रहालयाच्याच नावाच्या थांब्यावर सोडते. पुढे झाडीतून चढ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश यावं, घाई नाही. फाटकाशी थांबा: ते जुन्या भारतीय दरवाज्यांचे भाग जोडून केलं आहे. जपानच्या डोंगरात आपल्याकडची नक्षी आणि लोखंडी खिळे बघून आमच्या प्रत्येक गटातलं कुणीतरी दचकतं.

मुख्य इमारत शंकूसारखी वर निमुळती होत जाते. तिचा भार हजार वर्षांहून जुन्या हिबा वृक्षांच्या सोळा ओंडक्यांवर आहे. आत उजेड मंद असतो. रेशमाचे रंग प्रकाशाने उडतात, तेव्हा तक्रार करू नका. डोळ्यांना सरावायला दोन मिनिटं द्या. मुख्य दालनात फोटो काढायला मनाई आहे.

किमोनो पाठ तुमच्याकडे करून, बाह्या पसरून उभे केलेले दिसतील. पाठच का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. पाठीचा आणि दोन्ही बाह्यांचा मिळून अखंड फलक मिळतो, आणि कुबोतांना चित्र करायला तोच हवा होता. त्यात किमोनोचं कापड विणलंच जातं जेमतेम दीड वीत रुंदीचं, म्हणजे दृश्य शिवणींवरून पलीकडे जातं. पाठीच्या मधल्या शिवणीवर नजर ठेवा. डोंगराची कड एका पट्टीतून दुसरीत जाताना कुठे तुटते का बघा. पट्ट्या सुट्या करून, बांधून, रंगवून पुन्हा जुळवलेल्या आहेत, आणि बांधलेलं कापड आक्रसतं, हे आरिमात्सुत तुम्ही पाहिलेलं असेल.

त्यांचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे 'प्रकाशाची सिंफनी'. किमोनो ओळीने लावले की दृश्य एकातून दुसऱ्यात वाहत जातं: शरदातली लाल-केशरी पानं विरळ होतात, धुकं उतरतं, शेवटी बर्फ. ८० किमोनोंचा संकल्प होता. २००३ साली कुबोता गेले तेव्हा सुमारे निम्मे झाले होते. सगळे एका वेळी मांडलेले नसतात, मोसमाप्रमाणे बदलतात. त्यामुळे "मैत्रिणीने पाहिलेला तो निळा कुठे आहे" याला आमच्याकडे उत्तर नसेल.

बघायची आमची पद्धत अशी. आधी ओळ दुरून, दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून बघा. मग एकच किमोनो निवडा आणि दोरीपर्यंत जवळ जा. दुरून जो सपाट ढग वाटला त्यात शेकडो बारीक उंचवटे आहेत; टाक्यांच्या ओळी जिथे आवळल्या होत्या तिथे कापड अजून वर उचललेलं आहे. हीच ती खडबड. कुबोता एकदा रंगवून थांबत नसत. थोडा भाग बांधायचा, रंग द्यायचा, वाफवायचं, धुवायचं, सोडायचं, आणि शेजारी दुसऱ्या छटेसाठी पुन्हा बांधायचं. सूर्यास्तातला केशरी रंग एका बुडवणीत आलेला नाही, थरांवर थर चढून तो आतून उजळल्यासारखा दिसतो. यापलीकडे बाकीचे किमोनो नुसते नजरेखालून घातले तरी चालेल. तीन नीट बघितलेले तीस धावत बघितलेल्यांपेक्षा बरे.

व्यवहाराचं

नोव्हेंबरात संग्रहालयाजवळच्या मेपलच्या रांगा लाल होतात आणि तळ्याभोवतीच्या बस खच्चून भरतात. आम्ही त्या दिवसांत सकाळीच निघतो. दुपारी निघालो तर उभं राहून प्रवास होईल. संग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी असते. तारखा आम्ही ती बघूनच ठरवतो. शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावं की इथल्या प्रसिद्ध 'होतो' नूडल्समध्ये भाज्या भरपूर असल्या तरी रस्सा बहुधा माशाचा असतो. जेवणाचं आधी सांगा, सोय करतो.

खरेदी आरिमात्सुतच करा. रोख येन जवळ ठेवा, काही जुनी दुकानं कार्ड घेत नाहीत. छापील नमुनेही विकायला असतात आणि ते स्वस्त असतात, पण घेताना कळून घ्यावं. हाताच्या कामात दोन ठिपके तंतोतंत सारखे नसतात, कापडाला उभार असतो आणि उलट्या बाजूलाही रंग पोहोचलेला असतो. छापील कापड सपाट असतं आणि मागून फिकं. शंका आली तर दुकानदाराला सरळ विचारा.

निळीचं काही घेतलंत तर पहिल्या दोन-तीन धुण्यांना ते वेगळं, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. चुण्यांचा स्कार्फ असेल तर त्यावर इस्त्री फिरवू नका, उभार कायमचा जाईल. बॅगेत तो घडी न घालता सैल गुंडाळून ठेवा.