जेफ्री स्पायसर-सिम्सन

जेफ्री बेसिल स्पायसर-सिम्सन (1876–1947) हा ब्रिटिश रॉयल नेव्हीतला अधिकारी. पहिल्या महायुद्धात आफ्रिकेच्या ऐन मधोमध असलेल्या टांगानिका तलावावर दोन चिमुकल्या मोटरबोटी नेऊन त्यानं जर्मनांची दोन जहाजं निकामी केली, एवढ्या एकाच गोष्टीवर त्याचं नाव टिकलंय. बाकीची नोकरी बघितली तर आधी फजित्या आणि नंतर टेबलावरचं काम, आणि खरं सांगायचं तर ते टेबलावरचं कामच त्याला जास्त जमलं.

जन्म टास्मानियातल्या होबार्टचा, 1890 मध्ये म्हणजे चौदाव्या वर्षी नेव्हीत भरती. पोरगा हुशार होता, फ्रेंच चांगलं बोलायचा, पण बढाया मारायची भारी सवय आणि हाताला यश अजिबात नाही. पाणबुडीचा पेरिस्कोप पकडायला दोन विनाशिकांच्या मधे दोर बांधून ओढत न्यायची आयडिया त्यानं लढवली, त्यात आपलीच एक पाणबुडी बुडता बुडता वाचली. एकदा पोर्ट्समथ बंदराच्या बंदोबस्ताची चाचणी चालू असताना जहाज थेट वाळूवर चढवलं. पुढे एका छोट्या बोटीला धडक देऊन ती बुडवली. त्यामुळे बरोबरीचे लोक वर चढत गेले आणि हा लेफ्टनंट कमांडरच्या हुद्द्यावर अडकून पडला. मधली काही वर्षं गॅम्बिया नदीच्या सर्वेक्षणात गेली. त्या कामाबद्दल तक्रार सापडत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ त्याच्याकडे एक छोटा ताफा दिला गेला. 11 नोव्हेंबर 1914 ला त्यातली नायजर ही गनबोट डील गावासमोर भर दिवसा जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारून बुडवली, आणि साहेब तेव्हा किनाऱ्यावरच्या हॉटेलात होते. मग काय, रवानगी थेट ॲडमिरल्टीच्या (म्हणजे नौदलाच्या मुख्यालयाच्या) ऑफिसात, कागद हलवायला.

1915 च्या एप्रिलमध्ये जॉन ली नावाचा एक शिकारी ॲडमिरल्टीत आला. त्याचं म्हणणं, टांगानिका तलाव पूर्ण जर्मनांच्या ताब्यात आहे, पूर्व किनारा त्यांचा, पश्चिमेला बेल्जियन काँगो, आणि आता पूर्व किनाऱ्यावरच्या किगोमाला ते ग्योत्झेन नावाचं सुमारे 70 मीटर लांबीचं मोठं जहाज जुळवतायत, म्हणून आपण छोट्या पण वेगवान बोटी तिथे न्याव्यात. मोहीम मंजूर झाली, पण नेतृत्वाला चांगला रिकामा माणूस मिळेना, म्हणून स्पायसर-सिम्सनचं नशीब उघडलं. बोटी दोन, प्रत्येकी 40 फुटी, लाकडी, पुढे तीन पौंडी गोळ्याची एक तोफ आणि मागे मॅक्सिम मशीनगन. नावं त्यानं सुचवली 'कॅट' आणि 'डॉग', वरिष्ठांनी नाही म्हटलं, तेव्हा त्यानं 'मिमी' आणि 'टूटू' दिली आणि ती पास झाली! पॅरिसच्या बोलीत याचा अर्थ म्यांव आणि भू-भू. म्हणजे आपल्याकडे लढाऊ बोटींची नावं माऊ आणि भूभू ठेवावीत तसं.

जून 1915 मध्ये बोटी जहाजावर चढल्या, केपटाउनला उतरल्या, तिथून रेल्वेनं उत्तरेला काँगोतल्या फुंगुरुमेपर्यंत, आणि तिथे रूळ संपले. पुढचे जवळजवळ 146 मैल मितुंबा डोंगरातून. रस्त्यावरून ओझं ओढणारी वाफेची दोन ट्रॅक्शन इंजिनं आणि बैलांच्या जोड्या लावून बोटी ओढल्या, रस्ता जंगल तोडून करायचा, ओढ्यांवर शंभराच्या वर पूल टाकायचे, आणि इंजिनांना पाणी कमी पडलं की गावातल्या बायका मैलोन्‌मैल डोक्यावरून मडकी आणणार. मोहिमेचं श्रेय द्यायचंच तर आधी या बायकांना आणि मजुरांना द्यायला हवं, पण पदकांच्या यादीत ते कुठे येणार. नंतर परत रेल्वे, मग लुआलाबा नदी, परत रेल्वे, आणि ऑक्टोबरअखेर तलाव.

26 डिसेंबर 1915, रविवार. सकाळची प्रार्थना चालू होती आणि जर्मन बोट किंगानी दिसल्याचा निरोप आला, तरी यानं प्रार्थना पूर्ण करूनच लोकांना सोडलं. किंगानीची तोफ फक्त पुढेच डागता यायची, म्हणून मिमी-टूटू मागून गेल्या. त्यांच्याही तोफा समोर सोडून दुसरीकडे डागल्या तर बोटच खिळखिळी व्हायची, तेव्हा नाक शत्रूकडे ठेवूनच पळायचं होतं. अकरा मिनिटांत निकाल. पकडलेल्या किंगानीला डागडुजी करून त्यानं नाव दिलं 'फिफी', म्हणजे चिवचिव. 9 फेब्रुवारी 1916 ला किंगानीला शोधायला आलेली हेडविग फॉन विसमान ही दुसरी जर्मन बोट मिमी आणि फिफीनं मिळून बुडवली.

या दिवसांत साहेबांचा थाट और होता. अंगभर गोंदवलेलं, आणि उकाड्यात बरं म्हणून पँटऐवजी बायकोनं शिवून दिलेला स्कर्ट. स्थानिक होलोहोलो लोकांनी त्याच्या मातीच्या मूर्ती केल्या होत्या.

पण हेडविग बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्योत्झेन किनाऱ्यासमोरून हळूहळू गेलं आणि स्पायसर-सिम्सननं बोटी बाहेर काढायला साफ नकार दिला. लोक चरफडले. (40 फुटी बोटीनं 70 मीटरच्या जहाजावर जाणं शहाणपणाचं नव्हतंच, इथे मी त्याच्या बाजूनं.) जूनमध्ये तलावाच्या दक्षिण टोकाकडच्या बिस्मार्कबुर्ग या जर्मन ठाण्याच्या किल्ल्यावरच्या तोफा बघून तो परत फिरला, जर्मन होड्यांतून निसटले आणि मग कळलं की तोफा लाकडाच्या होत्या. याला मात्र बचाव नाही. तब्येत आणि मन दोन्ही ढासळल्यावर त्याला मायदेशी पाठवलं, डीएसओ हे लष्करी सेवेचं पदक मिळालं, पण परत लढाऊ जहाज कधीच मिळालं नाही. ग्योत्झेन जुलै 1916 मध्ये जर्मनांनी स्वतःच बुडवलं, इंजिनं गंजू नयेत म्हणून त्यांना भरपूर ग्रीस फासून. ब्रिटिशांनी 1924 ला ते वर काढलं आणि 1927 पासून ते 'लिएम्बा' नावानं तलावावर प्रवासी वाहू लागलं.

गॅम्बियाचं सर्वेक्षण आणि फ्रेंच आता उपयोगी पडलं. 1919 च्या लंडनच्या जलसर्वेक्षण परिषदेत त्यानं सचिवाचं काम केलं, आणि 1921 मध्ये मोनॅकोला आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण ब्यूरो निघाला त्याचा तो सरचिटणीस झाला. देशोदेशीचे सागरी नकाशे, खुणा, खोलीची मापं एका पद्धतीत आणायची, पत्रव्यवहार, भाषांतरं, असं काम. 1937 पर्यंत सोळा वर्षं केलं. शेवटी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात राहायला गेला आणि जानेवारी 1947 मध्ये तिथेच वारला.