परतलेल्या स्वयंसेवकांची मंडळे (पीस कोअर)

परदेशात ठरावीक मुदतीची सेवा करून मायदेशी आलेल्या स्वयंसेवकांनी एकमेकांच्या आधारासाठी आणि जिथे सेवा केली त्या देशाशी नाते टिकवण्यासाठी स्थापन केलेल्या संघटना. ब्रिटनमध्ये १९५८ पासून आणि जपानमध्ये १९६५ पासून असे स्वयंसेवक परदेशी पाठवले जात आहेत. मात्र अशा मंडळांचे सर्वांत मोठे जाळे अमेरिकेतील पीस कोअरच्या स्वयंसेवकांनी विणले असल्याने ही नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. पीस कोअर ही अमेरिकी सरकारची संस्था असून विनोबांच्या शांतिसेनेशी तिचा काही संबंध नाही.

अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी आदेश काढून पीस कोअरची स्थापना केली. सार्जंट श्रायव्हर तिचे पहिले संचालक होते. स्वयंसेवकाने सुमारे तीन महिने प्रशिक्षण घ्यायचे, मग दोन वर्षे यजमान देशात, बहुधा गावात, तिथल्या भाषेत काम करायचे, अशी रचना आहे. संस्थेची उद्दिष्टे तीन : यजमान देशाला प्रशिक्षित माणसे पुरवणे, तिथल्या लोकांना अमेरिकन माणसाची नीट ओळख करून देणे, आणि अमेरिकनांना इतर देशांतील लोकांची ओळख करून देणे. यातील तिसरे उद्दिष्ट मुख्यतः घरी परतल्यावरच पुरे होते. सेवेची मुदत तेव्हा संपलेली असते, भत्ता थांबलेला असतो. म्हणजे संस्थेच्या कामाचा तिसरा हिस्सा कोणाच्याही नोकरीत बसत नाही. तो या मंडळांनी उचलला. अमेरिकेत या माणसांना ‘माजी स्वयंसेवक’ न म्हणता ‘परतलेले स्वयंसेवक’ म्हणतात, त्यामागची भावनाही हीच आहे.

परतणे सोपे नसते. सुरुवातीच्या काळात सेवेच्या दर महिन्यामागे ७५ डॉलर बाजूला ठेवले जात आणि ती रक्कम शेवटी हाती पडे. तेवढ्यावर नवे आयुष्य सुरू करायचे. पैशांपेक्षाही अवघड असते ते एकटेपण. दोन वर्षे विहिरीचे पाणी शेंदून प्यायलेल्या माणसाला आपल्याच शहरातील दुकानात गोंधळायला होते. घरचे लोक आठवडाभर कौतुकाने ऐकतात, मग विषय बदलतो. ज्यांना समजावून सांगावे लागत नाही अशी माणसे शोधण्याच्या गरजेतून बहुतेक मंडळे उभी राहिली.

मार्च १९६५ मध्ये वॉशिंग्टन येथे परतलेल्या स्वयंसेवकांची पहिली मोठी परिषद भरली आणि सुमारे एक हजार जण जमले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘कमिटी ऑफ रिटर्न्ड व्हॉलंटिअर्स’ सुरू झाली. तिने व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला आणि ज्या पीस कोअरने आपल्याला पाठवले तिच्याही हेतूंवर बोट ठेवले. मे १९७० मध्ये अमेरिकेच्या कंबोडियावरील चढाईच्या निषेधार्थ तिच्या सदस्यांनी पीस कोअरच्या वॉशिंग्टनमधील मुख्यालयाचा एक भाग सुमारे ३६ तास ताब्यात ठेवला. ही समिती थोड्याच वर्षांत विरून गेली आणि उत्सवी इतिहासात तिला फारशी जागा मिळत नाही, हे योग्य नाही. खेड्यात राहून आलेल्या तरुणांना आपल्या देशाचे परराष्ट्र धोरण त्या खेड्याच्या बाजूने दिसू लागले, हेच तर तिसऱ्या उद्दिष्टाचे खरे फळ होते.

विखुरलेल्या गटांची राष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये झाली. पुढे तिने ‘नॅशनल पीस कोअर असोसिएशन’ हे नाव घेतले. तिच्याशी जोडलेली मंडळे ढोबळपणे दोन तऱ्हांची आहेत. शहरा-शहरांतील मंडळांत कुठेही सेवा केलेले लोक येतात. नव्याने परतलेल्यांना नोकरी आणि घर शोधायला मदत करणे, शाळांत जाऊन बोलणे, सहभोजने करणे ही त्यांची कामे. देशवार मंडळांचे सदस्य मात्र अमेरिकाभर पसरलेले असतात आणि त्यांना बांधून ठेवतो तो एक देश. ‘फ्रेंड्स ऑफ नेपाळ’, ‘फ्रेंड्स ऑफ केनिया’ अशी त्यांची नावे असतात. ही मंडळे त्या देशातील शाळा, दवाखाने, पाणीयोजना यांसाठी लहान लहान निधी पाठवतात. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनचे मंडळ १९८८ पासून सदस्यांनी काढलेल्या छायाचित्रांची भिंतीवरची दिनदर्शिका छापते आणि विक्रीचे पैसे अशा कामांना देते. केनेडींच्या हत्येला २५ वर्षे झाली तेव्हा, नोव्हेंबर १९८८ मध्ये, परतलेल्या स्वयंसेवकांनी अमेरिकी संसदेच्या घुमटाखाली चोवीस तास अखंड आपल्या रोजनिशांतील उतारे वाचले.

भारतात पीस कोअरची पहिली तुकडी डिसेंबर १९६१ मध्ये पंजाबात आली. १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी इथे कुक्कुटपालन, शेती, आहार, कुटुंबनियोजन, शिक्षण अशा क्षेत्रांत काम केले. महाराष्ट्राला ओळखीचे नाव लिलियन कार्टर यांचे. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या या आई १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, परिचारिका म्हणून मुंबईत विक्रोळीला आल्या. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी अमेरिकी शिष्टमंडळाबरोबर आल्या तेव्हा त्या विक्रोळीलाही जाऊन आल्या. भारतात राहून गेलेले लोक आजही आपली ओळख तुकडीच्या क्रमांकाने देतात आणि स्नेहमेळावेही बहुधा तुकडीवार भरतात.

यजमान देशाने या माणसांची आठवण ठेवल्याचे ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. तिथे १९६६ ते १९८१ या काळात सुमारे दोन हजार स्वयंसेवक होते. कोरिया फाउंडेशन त्यांना पुन्हा भेटीसाठी बोलावत आले आहे. २०२० मध्ये कोविडची साथ पसरली तेव्हा या संस्थेने अमेरिकेतील त्या वृद्ध स्वयंसेवकांना मुखपट्ट्या आणि इतर वस्तूंच्या पेट्या पाठवल्या. ज्यांनी एकेकाळी कोरियात क्षयरोगाच्या कामात हातभार लावला होता, अशांच्याही दारात त्या पोचल्या.

त्याच वर्षी मार्चमध्ये पीस कोअरने जगभरातील सुमारे सात हजार स्वयंसेवकांना एकदम माघारी बोलावले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. निरोप घ्यायलाही वेळ न मिळालेल्या या तरुणांसाठी जुन्या मंडळांनी घरे उघडली, नोकरीच्या ओळखी दिल्या. मंडळांचे दुसरे, कमी गोड काम म्हणजे संस्थेला जाब विचारणे. सेवाकाळात झालेले आजार, लैंगिक अत्याचार आणि तक्रारदाराची सुरक्षितता यांसाठी परतलेल्यांनी आवाज उठवला. २००९ मध्ये बेनिनमध्ये केट पुझी या स्वयंसेविकेची हत्या झाल्यानंतर, २०११ मध्ये तिच्या नावाचा स्वयंसेवक संरक्षण कायदा झाला. त्यामागे कुटुंबीयांइतकाच या स्वयंसेवकांचाही रेटा होता.

जिथला कार्यक्रम बंद झाला त्या देशांच्या मंडळांना नवे सदस्य मिळत नाहीत. भारतातील शेवटच्या तुकड्यांतले बहुतेक लोक आता सत्तरी ओलांडलेले आहेत. पत्रे, पारदर्शिका आणि ध्वनिमुद्रित मुलाखती बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयासारख्या ठिकाणी सोपवणे हे आता परतलेल्यांपुढचे मोठे काम आहे.