गरम वाफ की टेन्शन? पंचेचाळिशीतली धडधड ओळखायची कशी

छातीत धडधडतं, चेहरा तापतो, घाम फुटतो, हातपाय गळतात. चाळिशी ओलांडलेल्या बाईला असं झालं की घरातलं उत्तर तयार असतं: ‘टेन्शन घेऊ नकोस.’ मोबाईलवरच्या रील्सचं उत्तर नेमकं उलट: ‘सगळा हार्मोन्सचा खेळ.’ दोन्ही उत्तरं न तपासता दिलेली असतात. पाळी जाण्याच्या सुमारास येणारी गरम वाफ आणि साठलेल्या ताणातून उठणारी धडधड वेगवेगळ्या कारणांनी सुरू होतात आणि वेगवेगळ्या उपायांनी आटोक्यात येतात. शेवटचा टप्पा मात्र दोन्हींचा एकच: सहानुभूती मज्जासंस्था, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारी यंत्रणा. गल्लत होते ती तिथे.

आधी वाफ. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान सांभाळतो. त्यातल्या काही पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा वचक असतो. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन एकसारखं उतरत नाही, हेलकावे खातं. वचक सुटला की या पेशी जास्त सक्रिय होतात आणि शरीराला चालणारी तापमानाची पट्टी अरुंद होते. एरवी लक्षातही न येणारी किंचित उष्णता मग मेंदूला जास्त वाटते. तो त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढवतो, घाम सोडतो, नाडी थोडी जलद करतो. छातीच्या वरच्या भागातून किंवा गळ्यातून उष्णता चेहऱ्याकडे चढते, साधारण एक ते पाच मिनिटं टिकते आणि जाताना अंगावर शहारा आणते. हा शहारा फार उपयोगी खूण आहे.

भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, म्हणजे चाळिशीच्या सुरुवातीलाच वाफा सुरू झाल्या तर त्यात अघटित काही नाही. आधी पाळीच्या तारखा हलायला लागतात. लागोपाठच्या दोन चक्रांत सात किंवा जास्त दिवसांचा फरक पडू लागला, तर हा काळ सुरू झाला असं मानतात. सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली.

ताणाची धडधड दुसऱ्या वाटेने येते. मेंदूला धोका वाटला की काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही हार्मोन्स सुटतात. श्वास उथळ होतो, मान आणि जबडा आवळतो, तळहात गार आणि ओले पडतात. कॉर्टिसॉल हे ताणाचं आणखी एक हार्मोन मागाहून येतं. रक्तातलं त्याचं प्रमाण २० ते ३० मिनिटांनी शिगेला पोचतं. म्हणून फोनवरची वादावादी संपली तरी अर्धा तास अंग थरथरत राहतं. गरम वाफ असं रेंगाळत नाही.

आता ‘मला कसलं टेन्शन, सगळं ठीक आहे’ म्हणणारीलाही हे का होतं? कारण रोजचा ताण संकटाच्या रूपात येत नाही. टँकर आला का, सासूबाईंची बीपीची गोळी संपत आली का, मुलीचा बारावीचा फॉर्म, सोसायटीच्या ग्रुपवर कोणी काय लिहिलं, हिंजवडीहून परतताना क्लासची वेळ गाठता येईल का. यातली एकही गोष्ट ताण म्हणून मोजली जात नाही, पण प्रत्येकीसाठी मेंदूचा एक कोपरा जागा राहतो. हृदयाला शांत ठेवणारा ब्रेक म्हणजे व्हेगस मज्जातंतू. सतत सावध राहण्याने तो ब्रेक अर्धवट सुटलेला राहतो. मग कुकरची शिट्टी किंवा मोबाईलचा आवाजही दचकवायला पुरतो. खूप काही घडलं म्हणून ही धडधड येत नाही. आधीच्या गोष्टीनंतर शरीर पूर्ववत व्हायला वेळच मिळाला नाही, म्हणून येते.

फरक सगळ्यात नीट दिसतो तो स्कूटरवर. मे महिना, दुपारचा दीड, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, हातमोजे, आणि सिंहगड रोडवर सिग्नल लाल. स्कार्फच्या आत कोंडलेली उष्णता अरुंद झालेल्या पट्टीला सहज ओलांडते. इथे धडधड झाली तर आधी गाडी बाजूला घ्या, हेल्मेट काढा, स्कार्फ सोडा आणि मानेवर पाणी मारा. पाच मिनिटांत सगळं ओसरलं आणि मागून शहारा आला, तर ती बहुधा वाफ. गार वाटूनही छाती धडधडतच राहिली, ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या, पुढच्या चौकातल्या गर्दीच्या विचारानेच पोटात गोळा आला, तर ताणाकडे बघा. उन्हात डोकं दुखून मळमळ, गोंधळल्यासारखं आणि अंग तापलेलंच राहिलं, तर मात्र उष्माघाताचा विचार करून लगेच दवाखाना गाठावा.

रात्री तीनची जाग जरा फसवी. पहाटेकडे कॉर्टिसॉल तसंही चढू लागलेलं असतं, त्यामुळे जागी झालेली बाई लगेच हिशेबात शिरते: फी, डबा, गॅस. वाटतं, विचारांनीच झोप मोडली. प्रत्यक्षात वाफेची जाग बरेचदा घामाच्या आधीच येते. दिवा न लावता, मोबाईल न बघता दोन मिनिटं पडून राहा. मानेखालची उशी ओली, गळ्याशी गरम, मग पांघरूण ओढावंसं वाटलं, तर आधी वाफ आली आणि विचार तिच्या मागून आले. कोरडीच राहिलात आणि जबडा घट्ट मिटलेला असेल, तर उलट. दोन्ही एकमेकींना खतपाणी घालतात हेही खरं: वाफांनी झोप मोडते, अपुऱ्या झोपेने मज्जासंस्था चिडचिडी होते आणि चिंतेचा स्वभाव असलेल्या बायकांना वाफा जास्त त्रास देतात. पण सुरुवात कुठून होते हे कळलं, तर उपाय कुठून सुरू करायचा ते ठरतं.

श्वासाच्या बाबतीत आमचं मत थोडं परखड आहे. घाबरलेल्या बाईला ‘दीर्घ श्वास घे’ सांगणं अनेकदा अंगाशी येतं. ती मोठमोठे श्वास घेते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर आणि मुंग्या येतात, आणि भीती दुप्पट. मोठा नव्हे, हळू श्वास हवा: नाकाने चार आकडे मोजेपर्यंत आत, सहा आकडे मोजेपर्यंत बाहेर, मिनिटाला सुमारे सहा श्वास, पाच ते दहा मिनिटं. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो आणि नाडी मंदावते, म्हणून बाहेरचा श्वास लांब. भ्रामरी याच कारणाने चालते. धडधड चालू असताना कपालभाती नको. ताणावर याचा उपयोग होतो. गरम वाफेवर मात्र श्वासाच्या व्यायामाचा ठोस परिणाम चाचण्यांत दिसलेला नाही. तिथे सुती थर, पंखा आणि उकळता चहा टाळणं बरं.

चहा-कॉफी दोन्ही बाजूंना त्रास देते. कॅफीन अर्धं उतरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला निम्मी अंगात. संकष्टीला दिवसभर फक्त चहावर राहून चारला थरथर सुटली, तर त्याला ना वाफ म्हणा ना टेन्शन. पोट रिकामं, त्यात कॅफीन. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर अशा वेळी ग्लुकोमीटर लावाच. ७० च्या खाली आकडा गेला तर लगेच साखर घ्यायची.

दोन दुखणी याच वयात, याच वेषात येतात. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल (हायपरथायरॉईड) तर धडधड लाटेसारखी येऊन जात नाही, दिवसभर असते. हात कापतात, वजन घटतं, आडवं पडूनही नाडी शंभरच्या वर. दुसरा रक्तक्षय. पाळी जाण्याआधी रक्तस्राव बरेचदा वाढतो, लोह कमी होतं, आणि पर्वतीच्या अर्ध्या पायऱ्यांवरच छाती भरून येते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढा. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. म्हणून हिमोग्राम, टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी), साखर आणि ईसीजी एकदा करून घ्यावा. ताण मोजण्यासाठी कॉर्टिसॉलची रक्तचाचणी करण्यात अर्थ नाही, ती वेगळ्या आजारांसाठी आहे. लक्षणं स्पष्ट असतील तर ४५ नंतर एफएसएच ही पाळीशी संबंधित हार्मोनची चाचणीही सहसा लागत नाही. ते आज एक दाखवतं, पंधरा दिवसांनी दुसरं.

त्यापेक्षा वहीत सहा आठवडे नोंद ठेवा: वेळ, सगळ्यात आधी काय जाणवलं (उष्णता, विचार की श्वास), किती मिनिटं, शेवटी शहारा आला का, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, पाळीची तारीख. जमलं तर नाडी: मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. घड्याळ-पट्ट्यावरचा ‘स्ट्रेस’चा आकडा लिहू नका; वाफेतही नाडी वाढते, त्यामुळे तो दोन्हींत फरक करू शकत नाही.

छातीवर दाब, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ, दम लागणं, गार घाम, बेशुद्ध पडणं यांतलं काही असेल तर वही बाजूला, १०८ ला फोन. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर, तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायलाच हवं.

उपचारांत, वाफांवर हार्मोन उपचार सर्वांत प्रभावी आहेत. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केले तर बहुतेक निरोगी बायकांना फायद्याचं पारडं जड राहतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ते सहसा देत नाहीत. ताण आणि झोपेसाठी विचार-वर्तन उपचार आहेत, आणि त्यांनी वाफांचा त्रासही कमी होतो. बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत वाफाही कमी करतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाने अशी गोळी लिहिली तर ‘मला वेडी ठरवलं’ असा अर्थ काढू नये. फक्त टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं, कारण पॅरोक्सेटिनसारखी गोळी त्याचा परिणाम कमी करू शकते.