एपीके झालं म्हणजे कोड लपला असं नसतं

ॲप प्लेस्टोअरवर टाकलं की आतला कोड कोणाला दिसत नाही, हा समज इतका पक्का बसलाय की कंप्युटरचं शिक्षण घेतलेली, चांगल्या कंपनीत काम करणारी माणसंसुद्धा ॲपच्या आतच पासवर्ड, पेमेंट गेटवेची की (म्हणजे गुप्त चावी), सर्व्हरचा पत्ता असं सगळं ठेवून मोकळी होतात. आणि विचारलं तर म्हणतात, कंपाइल झालंय ना, म्हणजे कोडचं मशीनला चालवता येईल असं रूपांतर झालंय, आता कोण वाचतंय. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले.

तर वाचता येतं, आणि फार कष्टही पडत नाहीत. एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲप ज्या फाइलमधून फोनमध्ये बसतं ती, आणि ती मुळात झिप फाइल आहे, नाव बदलून उघडली की आत चित्रं, सेटिंग आणि डेक्स नावाच्या फाइली दिसतात. या डेक्समध्ये बाइटकोड असतो, म्हणजे प्रोसेसरची भाषा नव्हे तर ज्यात आपण कोड लिहितो ती जावा किंवा कोटलिन आणि प्रोसेसर यांच्या मधली एक भाषा. या मधल्या भाषेत क्लासची आणि फंक्शनची (म्हणजे कोडच्या भागांची) नावं जशीच्या तशी राहतात, कारण ॲप चालताना एका भागाला दुसरा भाग शोधायला ती नावं लागतात. जॅडएक्स हे फुकट मिळणारं टूल ही फाइल घेतं आणि काही मिनिटांत बऱ्यापैकी वाचण्याजोगा जावा कोड समोर ठेवतं. तुम्ही लिहिलेल्या कॉमेंट तेवढ्या त्यात नसतात, त्या कंपाइल होतानाच गेल्या.

यावर उपाय म्हणून जे करतात त्याला ऑबफस्केशन म्हणतात. प्रोग्रॅमचं काम तेच ठेवायचं पण वाचणाऱ्याचं डोकं फिरेल असा त्याचा चेहरा बदलायचा. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे नावं पुसणं. 'चेकलायसन्स' नावाचं फंक्शन 'ए' होतं, 'युजरमॅनेजर' क्लास 'बी' होतो, त्यातली फंक्शनं पुन्हा 'ए', 'बी', 'सी'. जावासाठी हे काम २००२ पासून प्रोगार्ड करत आलंय आणि अँड्रॉइडमध्ये आता गूगलचं आर८ करतं. दिसायला हे अगदी किरकोळ वाटतं, पण या सगळ्या प्रकारात उलट न फिरवता येणारी गोष्ट हीच आहे. नाव एकदा गेलं की ते फाइलमध्ये कुठेच उरत नाही, ॲटॅक करणाऱ्याला अंदाजाने नवीन नाव द्यावं लागतं. मूळ नावांची यादी मॅपिंग फाइलमध्ये फक्त तुमच्याकडे असते आणि ती जपून ठेवायची, नाहीतर ॲप क्रॅश झाल्यावर येणारा रिपोर्ट तुम्हालाच कळणार नाही.

आता मला ज्याचं खरं वेड आहे ते सांगते. १९९७ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात ख्रिश्चन कोलबर्ग, क्लार्क थॉम्बोरसन आणि डग्लस लो या तिघांनी ऑबफस्केशनच्या प्रकारांचं पहिलं नीट वर्गीकरण केलं, त्यात ओपेक प्रेडिकेट नावाची कल्पना आहे. प्रोग्रॅममध्ये एक अट घालायची, जिचं उत्तर लिहिणाऱ्याला आधीच माहीत आहे पण वाचणाऱ्याला बघून कळत नाही. अट खरी ठरली तर एक वाट, खोटी ठरली तर दुसरी, आणि त्यातली एक वाट कधीच चालली जाणार नसते. त्या मेलेल्या वाटेवर खऱ्यासारखा दिसणारा हवा तेवढा कचरा कोड भरून ठेवायचा. वाचणारा दोन्ही वाटा खऱ्या समजून डोकं खपवत बसतो.

पण अशी अट आणायची कुठून? शाळेतल्या भागाकारातून! क्ष आणि य या कुठल्याही दोन पूर्ण संख्या घ्या आणि विचारा, ७य² − १ = क्ष² असं कधी होईल का? डावीकडच्या संख्येला ७ ने भागलं तर बाकी नेहमी ६ येणार, कारण ७ च्या पटीतून १ काढलाय. आता वर्गांना ७ ने भागून बघा. १ ची बाकी १, ४ ची ४, ९ ची २, १६ ची २, २५ ची ४, ३६ ची १, ४९ ची ० आणि मग हेच चक्र पुन्हा सुरू. म्हणजे वर्गाला ७ ने भागून बाकी ०, १, २, ४ यातलीच येते, ६ कधीच येत नाही. म्हणून दोन्ही बाजू कधीच सारख्या होणार नाहीत, तुम्ही क्ष आणि य म्हणून तापमान घाला, घड्याळातले सेकंद घाला नाहीतर युजरच्या नावातली अक्षरं मोजून घाला.

इथे एक गोची आहे आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. कंप्युटरमधला साधा पूर्णांक ३२ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ घरांचा असतो, तो ४,२९,४९,६७,२९६ ला पोचला की गोल फिरून पुन्हा मागे येतो. (चिन्ह असलेल्या आकड्यांचंही असंच, फक्त मोजणी ऋण बाजूने सुरू होते.) म्हणजे गुणाकार मोठा झाला की त्यातून ही संख्या गुपचूप वजा होते आणि ४,२९,४९,६७,२९६ ला ७ ने पूर्ण भाग जात नाही, बाकी ४ उरते. झालं, आपली ७ ची सिद्धता कोसळली! मग अट मोडली का? नाही मोडली, आणि याचं कारण फार सुंदर आहे. ७ सोडा, ८ ने भागून बघा. ती मोठी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात, तिला ८ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे आकडा गोल फिरला तरी ८ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागलं की बाकी नेहमी १, सम संख्येच्या वर्गाची ० किंवा ४. मग य² ची बाकी ० असेल तर ७य² − १ ची बाकी ७, १ असेल तर ६, ४ असेल तर ३. उजवीकडे क्ष² ची बाकी ०, १ किंवा ४. डावीकडे ३, ६, ७ आणि उजवीकडे ०, १, ४, एकही जुळत नाही. म्हणजे कागदावर अट ७ मुळे टिकते आणि मशीनमध्ये ८ मुळे, कारणं पूर्ण वेगळी पण उत्तर तेच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच उभं राहून टाळी वाजवावीशी वाटली होती.

आणि हेच तिचं मरणही आहे. ८ ने भागून उरणारी बाकी म्हणजे आकड्याचे शेवटचे तीन बिट. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने बनवलेल्या झेड३ सारख्या सॉल्व्हरला, म्हणजे एखादी अट कधी खरी होऊ शकते का हे शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, ही अट दिली तर त्याला सगळे ३२ बिट धुंडाळायची गरजच नाही, शेवटचे तीन बिट बघितले तरी ही अट कधीच खरी होणार नाही हे सिद्ध होतं, मग ती मेलेली वाट कचऱ्यासकट कापून टाकायची. त्यामुळे आता अशा अटी एकट्या वापरत नाहीत. त्यांच्या जोडीला कंट्रोल फ्लो फ्लॅटनिंग करतात, म्हणजे पुरणपोळीची कृती ओळीने लिहिण्याऐवजी प्रत्येक पायरी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या आणि पुढची चिठ्ठी कुठली हे आधीच्या चिठ्ठीवर गणित सोडवल्यावरच कळेल असं करायचं. पोळी तीच होते, पण डब्यात डोकावणाऱ्याला सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळत नाही. अर्थात यानेही ॲप जड होतं आणि हळू चालतं, त्यामुळे सगळ्या कोडवर कोणी करत नाही, लायसन्स तपासणं वगैरे नाजूक भागावरच करतात.

एवढं सगळं करून सुटका होते का? स्काइपचं उदाहरण घ्या. त्यांनी प्रोग्रॅमचे भाग एन्क्रिप्ट करून ठेवले होते, कोणी एक बाइट बदलला तर पकडणाऱ्या तपासण्या जागोजागी पेरल्या होत्या, डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं टूल) लावलाय का हेही ते बघायचे. तरी २००६ मध्ये ब्लॅक हॅट युरोप या कंप्युटर सुरक्षेच्या परिषदेत फिलिप बिओंदी आणि फाब्रिस देक्लो यांनी तो कसा उलगडला ते सांगितलंच. शेवटी फोनला किंवा कंप्युटरला तो कोड चालवायचा असतो, मग जे मशीनला समजतं ते चिकाटीच्या माणसाला उशिरा का होईना समजणारच. म्हणून '१०० टक्के हॅकप्रूफ', 'मिलिटरी ग्रेड ऑबफस्केशन' असं छापणाऱ्या ब्रोशरवर विश्वास ठेवू नका. दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार घालण्यात काही वावगं नाही, पण एखादं महाग टूल बसवलं म्हणून आता आपल्याला काही होणार नाही असं मानणं ही मात्र शुद्ध अंधश्रद्धा आहे.

चोरही हेच तंत्र वापरतात हे विसरू नका. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलानच्या नावाने जे एपीके फिरतात, त्यातल्या कित्येकांत तुमचे ओटीपीचे मेसेज परस्पर पळवणारा कोड असाच गुंडाळून ठेवलेला असतो म्हणजे अँटीव्हायरसला पटकन ओळखू येऊ नये.

कोड पूर्ण लपवता येतो का, याचं गणिताच्या बाजूने उत्तर तर अजूनच भारी आहे. २००१ मध्ये बोआझ बराक, ओडेड गोल्डराइश, अमित सहाय आणि आणखी चौघांनी सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी त्याचा पूर्ण बंद डबा करून देणारं, म्हणजे इनपुट घाला आउटपुट घ्या पण आतलं काहीच कळणार नाही असं करणारं यंत्र असूच शकत नाही. त्यांनी असे प्रोग्रॅम रचून दाखवले ज्यांना नुसते प्रश्न विचारून गुपित निघत नाही, पण त्यांचा कोड, कितीही गुंतवलेला का असेना, हातात आला की तोच कोड इनपुट म्हणून वापरून गुपित बाहेर काढता येतं. मग थोडी कमी अपेक्षा ठेवली, की एकच काम करणारे सारख्या लांबीचे दोन प्रोग्रॅम गुंतवल्यावर कुठला कशापासून बनला एवढंच कळू नये. हे करायचा पहिला आराखडा २०१३ मध्ये आला आणि २०२० मध्ये आयुष जैन, हुइजिया लिन आणि अमित सहाय यांनी ते भरवशाच्या गृहीतकांवर उभं करून दाखवलं. सहाय २००१ च्या नकारातही होते, २०१३ मध्येही आणि २०२० मध्येही! पण हे अजून इतकं अवाढव्य आणि संथ आहे की फोनमधल्या ॲपला त्याचा काहीही उपयोग नाही.

तर आजचं काम आज करायचं असेल तर आपल्या ॲपचा रिलीज बिल्ड घ्या, आर८ चालू आहे ना ते बघा, मग तोच एपीके जॅडएक्समध्ये उघडा आणि पासवर्ड, टोकन, सीक्रेट असे शब्द शोधा. आर८ नावं बदलतं पण अवतरण चिन्हातल्या मजकुराला हात लावत नाही, त्यामुळे कोडमध्ये टाइप केलेली की तिथे जशीच्या तशी दिसेल. जे सापडेल ते सर्व्हरवर हलवा आणि ती जुनी की लगेच रद्द करून नवीन काढा, कारण ज्यांच्या फोनमध्ये जुनं व्हर्जन आहे त्यांच्याकडे ती आधीच पोचलेली आहे.