पीएमईजीपीचा फॉर्म परत का येतो? (चंदगड-आजऱ्याच्या पोरांनी आधी वाचा)

कोल्हापूर जिल्ह्यात काम म्हटलं की शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसी नाहीतर इचलकरंजीचे माग. चंदगड-आजऱ्याला हे सगळं लांब पडतं, म्हणून तिकडची पोरं पुणे-मुंबई नाहीतर गोवा गाठतात. गावातच काजूचं युनिट टाकायचं असेल तर पीएमईजीपी, म्हणजे बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी सबसिडी देणारा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, खरंच चांगली योजना आहे, म्हणूनच साध्या कागदासाठी फॉर्म परत आला की वाईट वाटतं.

पात्रता सोपी आहे. वय 18 पूर्ण, प्रोजेक्ट उत्पादनात 50 लाखांपर्यंत, सेवेत 20 लाखांपर्यंत, आणि उत्पादनात 10 किंवा सेवेत 5 लाखांच्या वर गेलात तर आठवी पास हवं. नवरा-बायकोत एकालाच मिळतं. आधार, फोटो, मार्कशीट, प्रोजेक्ट रिपोर्ट अपलोड करा, झालं.

अडतं ते लोकसंख्येच्या दाखल्यावर, म्हणजे गाव ग्रामीण भागात येतं हे दाखवणाऱ्या कागदावर. ग्रामीणची सबसिडी हवी तर हा लागतोच, आणि तो तुमच्या घराच्या गावाचा नाही, युनिट जिथे टाकणार त्या गावाचा! चंदगड, आजरा ही गावं आता नगरपंचायत आहेत, तिथे शेड घेतलं की शहरी धरतात, बाहेर ग्रामपंचायत हद्दीत घेतलं की ग्रामीण. फरक किती बघा, 10 लाखांच्या प्रोजेक्टला ताईंना ग्रामीणमध्ये साडेतीन लाख, शहरीत अडीच. म्हणून भाडेकरार करायच्या आधीच हद्द विचारून घ्या. महिलांना यासाठी जातीचा दाखला लागत नाही, ओबीसी पुरुषांना मात्र लागतो.

दुसरं, युनिट नवीनच पाहिजे. आधी धंदा चालू करून मग अर्ज केला तर बाद. जमिनीची किंमतही प्रोजेक्टमध्ये धरू नका.

आणि सबसिडी हातात येत नाही हो! ती बँकेत तुमच्या नावावर 3 वर्षं अडकलेली असते, युनिट चालू आहे हे बघून मगच कर्जात वळती करतात, तेवढ्या रकमेवर व्याज मात्र लागत नाही. बाकीच्या कर्जाचा हप्ता भरायचाच, शिवाय प्रोजेक्टच्या खर्चातले स्वतःचे 5 टक्के, खुल्या गटातल्या पुरुषांना 10, आधीच जवळ ठेवा.

फॉर्म ऑनलाइन फुकट आहे, मंजुरीची हमी देणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. बँकेने नुसतं तोंडी "बघू" म्हणून महिनोन्‌महिने लटकवलं तर गप्प बसू नका, कारण लेखी मागा आणि ते घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात जा.