पाठ्यपुस्तकातला पतंग आणि त्याचा दोर

मराठी मुलाची पतंगाशी पहिली छापील ओळख गोष्टीतून होत नाही, अक्षरतक्त्यावरून होते. ‘प पतंगाचा’ या चौकटीतला पतंग दोनतीन भडक रंगांचा आणि लांब शेपटीचा असतो. संक्रांतीला काटाकाटीसाठी गच्चीवर नेतात तो पतंग असा नसतो, हे तक्ता वाचणाऱ्या वयातही मुलाला ठाऊक असते. या चित्रातला दोर खाली चौकटीच्या कडेपाशी संपतो आणि तो कोणाच्या हातात आहे हे काही दिसत नाही. मुलांच्या वाचनात आणि भाषेच्या तासाला पतंग कसकसा येत गेला याचा माग काढताना मात्र प्रश्न बहुतेक वेळा या दोराचाच निघतो.

मराठी माणसाला या दोराचा जुना धागा पंजाबात सापडतो. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदे आहेत आणि त्यांतल्या रामकली रागातल्या एका पदाची सुरुवातच पतंगाने होते: ‘आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले’. कागद आणला, कापून पतंग केला, आकाशात सोडला. मुलगा चार जणांशी गप्पा मारतो आहे, पण चित्त दोरीवर आहे. पुढे याच पदात डोक्यावर घागर घेऊन हसतखिदळत जाणाऱ्या मुली येतात, पाच कोसांवर चरणारी पण वासराकडे मन लागलेली गाय येते, कामाच्या रगाड्यात पाळण्याकडे लक्ष ठेवणारी आईही येते. हे काही बालसाहित्य नव्हे, तरीही पतंग उडवणाऱ्या मुलाची एकाग्रता भक्तीची उपमा म्हणून चालते, आणि त्या मुलाला कोणी रागावत नाही, ही गोष्ट पुढचा इतिहास पाहता फारच उदार वाटते. (आपल्याकडे पतंगाला ‘वावडी’ असाही जुना शब्द आहे, आता तो बहुधा अफवांपुरताच उरला आहे, कारण वावड्या आपण उठवतो, उडवत नाही.)

युरोपात मुलांसाठी म्हणून पुस्तके छापली जाऊ लागली तेव्हा खेळांना त्यांत जागा मिळाली ती बोधाच्या सोबतीने. लंडनच्या जॉन न्यूबेरी या प्रकाशकाने 1744 मध्ये काढलेल्या छोटेखानी पुस्तकात एकेका खेळाचे चित्र, त्याखाली चार ओळी आणि त्याखाली उपदेश, अशी मांडणी आहे, आणि त्या खेळांत पतंगही आहे. पुढे जॉन न्यूटन या धर्मोपदेशकाने पतंगावर जी बोधकविता लिहिली तिचा मथळाच ‘गर्वाचे घर खाली’ या आपल्या म्हणीसारखा आहे. उंच गेलेला पतंग म्हणतो की दोर नसता तर मी गरुडालाही मागे टाकले असते. तो हिसके देतो, दोर तुटतो आणि पतंग पाण्यात जाऊन पडतो. ‘अमेझिंग ग्रेस’ हे भजन लिहिणारा न्यूटन तो हाच. तरुणपणी तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता आणि पुढे त्याने त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहिले. हे माहीत असल्यावर बंधनातच तुझे भले आहे हा त्या कवितेचा सूर कानाला जरा टोचतो.

नेमका उलटा बोध रशियात निघाला. नीतिकथाकार इव्हान क्रिलोव्हच्या 1814 च्या कथेत ढगाला भिडलेला कागदी पतंग खालच्या फुलपाखराला हिणवतो, तेव्हा फुलपाखरू म्हणते की तू उंच असशील, पण बांधलेला आहेस. मी ठेंगणेच उडते, पण मला हवे तिथे उडते. दोर तोच, पण एका ठिकाणी आधार आणि दुसऱ्या ठिकाणी बेडी. (ही कथा मराठीत आणणाऱ्याची पंचाईत होईल, कारण दिव्यावर झेपावणारा कीटकही आपल्याकडे ‘पतंग’च.) याच काळात विज्ञानाच्या गोष्टींत बेंजामिन फ्रँकलिनने 1752 मध्ये विजेच्या प्रयोगासाठी उडवलेला पतंग शिरला. त्या प्रयोगात त्याच्यासोबत असलेला मुलगा विल्यम विशीतला तरुण होता, पण चित्रकारांनी त्याला शाळकरी पोर करून टाकले. पतंगाशेजारी लहान मूल नसले तर चित्र पटत नसावे.

शाळेच्या पाठात पतंगाचा बोध ओसरून खेळ पुढे आला, तो मला सर्वांत स्पष्ट दिसतो दोन थोरल्या भावांच्या गोष्टींत. पहिली चिनी लेखक लू शुनने 1925 मध्ये लिहिली आणि चीनमधल्या सातवीच्या भाषेच्या पुस्तकात ती दीर्घकाळ होती. निवेदकाच्या मते पतंग हा वाया गेलेल्या पोरांचा खेळ. किरकोळ अंगाचा, आजारी धाकटा भाऊ एके दिवशी अडगळीच्या खोलीत सापडतो. समोर फुलपाखराच्या आकाराच्या पतंगाचा बांबूचा सांगाडा आहे, कागद अजून चिकटवायचा आहे आणि डोळ्यांसाठी केलेली दोन इवलीशी भिरभिरी तो लाल कागदाच्या पट्ट्यांनी सजवतो आहे. थोरला पंखाची कामटी मोडतो, भिरभिरी जमिनीवर टाकून पायाखाली तुडवतो आणि निघून जातो. पुढे एका परदेशी पुस्तकात तो वाचतो की खेळ हेच मुलांचे सर्वांत योग्य वर्तन आहे, आणि ते ओझे वर्षानुवर्षे बाळगून शेवटी भावाची क्षमा मागायला जातो. भाऊ हसून विचारतो, ‘असं झालं होतं का?’ त्याला काहीच आठवत नसते, त्यामुळे क्षमाही मिळत नाही. याच देशात दुसरीच्या मुलांना गाओ डिंगची एक छोटी जुनी कविता असते. तिच्यात लवकर शाळा सुटलेली मुले वाऱ्याची संधी साधून पतंग घेऊन धावतात.

दुसरी गोष्ट प्रेमचंदांची, ‘बड़े भाई साहब’. एनसीईआरटीच्या दहावीच्या हिंदी पुस्तकामुळे ती महाराष्ट्रातल्या सीबीएसई शाळांतल्या मराठी मुलांनीही वाचलेली असते. थोरला पाच वर्षांनी मोठा, पण इयत्तेने तीनच पुढे, कारण तो नापास होत राहतो. धाकटा त्याची नजर चुकवून मांजा करतो, कणी बांधतो आणि तरीही पास होतो. शेवटी कटलेल्या पतंगामागे धावणाऱ्या धाकट्याला पकडून थोरला भलेमोठे व्याख्यान देतो. तेवढ्यात डोक्यावरून एक कटलेला पतंग जातो. थोरला उंच असतो. तो उडी मारून लोंबणारा दोर पकडतो आणि वसतिगृहाकडे धूम ठोकतो, धाकटा त्याच्या मागे. लू शुनच्या थोरल्याला जे कळायला अर्धे आयुष्य लागले ते या थोरल्याचे पाय एका क्षणात करून मोकळे होतात.

एनसीईआरटीच्याच बारावीच्या हिंदी पुस्तकात आलोकधन्वांची ‘पतंग’ ही कविता आहे. भाद्रपद सरतो, शरद ऋतू पूल ओलांडत येतो आणि मुले छपरांच्या धोकादायक कडांवरून धावू लागतात. इथे दोर मुलाने पतंगाला धरण्यासाठी नाही. पतंगांची उंचीच मुलांना त्या एका धाग्याच्या आधाराने सावरून धरते. कधी पडून वाचलीच, तर ही मुले आणखी निर्भय होऊन सूर्यासमोर येतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तेव्हापासून संक्रांतीच्या सुमारास शाळांतून तो मांजा न वापरण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या जातात. पक्ष्यांच्या पंखांना आणि दुचाकीस्वारांच्या गळ्यांना त्याने झालेल्या जखमा पाहता त्या घ्यायलाच हव्यात. गच्चीच्या कठड्यावर चढू नये अशी सूचनाही त्यांच्यासोबत असते, आणि त्याच शाळेत बारावीचा वर्ग त्या छपरांच्या कडांवर प्रश्नोत्तरे लिहीत असतो.