विक्रमी वेगाच्या मोटारी आणि टायरचा प्रश्न

नागपूरहून समृद्धी महामार्गावर मोटार चढली की हलक्या वाहनांसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा लागू होते. जवळपास हाच वेग एप्रिल १९०२ मध्ये जगातील कोणत्याही मोटारीने तोवर गाठलेला सर्वोच्च वेग होता. त्या महिन्यात फ्रान्समधील नीस येथे लिओन सर्पोले यांनी वाफेवर चालणाऱ्या मोटारीतून एक किलोमीटरचे अंतर २९.८ सेकंदांत, म्हणजे ताशी १२०.८ किलोमीटर वेगाने पार केले. आज घरगुती मोटारी हा वेग सहज गाठतात, आणि त्यामुळे तो गाठण्यासाठी सुरुवातीला काय सोसावे लागले याची कल्पना येत नाही. विक्रमाच्या मोटारींबद्दल बोलताना चर्चा बहुधा इंजिनाच्या ताकदीपुरती राहते. माझ्या मते मात्र हा इतिहास मुख्यतः चाकांचा, हवेच्या अवरोधाचा आणि धावण्याच्या जागेचा आहे. इंजिनाची ताकद त्या मानाने लवकर मिळाली.

पहिली नोंद १८ डिसेंबर १८९८ ची आहे. पॅरिसजवळच्या आशेर येथील सरळ रस्त्यावर गास्तों द शासलू-लोबा यांनी विजेच्या मोटारीने एक किलोमीटर ५७ सेकंदांत कापला; म्हणजे वेग ताशी ६३.१५ किलोमीटर. बेल्जियमच्या कामी जेनात्झी यांनी त्यांना आव्हान दिले आणि पुढचे काही महिने विक्रम या दोघांमध्ये आलटून पालटून फिरत राहिला. २९ एप्रिल १८९९ रोजी जेनात्झी यांनी ताशी १०५.८८ किलोमीटर वेग नोंदवला आणि मोटारीने प्रथमच शंभराचा आकडा ओलांडला. त्यांच्या ‘ला जामे कोंतांत’ या मोटारीचे अंग हलक्या मिश्रधातूचे असून त्याला पाणतीराचा (टॉर्पेडोचा) आकार दिलेला होता. हवा कापण्यासाठी मोटारीला मुद्दाम घडवलेला आकार हवा, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो. तो अर्धाच अमलात आला, कारण चालक कमरेपासून वर उघड्यावर बसलेला होता आणि चाके व सांगाडा अंगाखाली पूर्ण उघडे होते. तरीही दिशा बरोबर होती. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून वेग दुप्पट करायचा तर केवळ हवेसाठी आठपट शक्ती लागते. आकाराकडे दुर्लक्ष करून इंजिन मोठे करत जाण्याचा मार्ग किती महागात पडतो, हे या एका हिशेबावरून कळते.

त्यानंतर अडचण आली ती जागेची. वेग वाढला तसे गती घेण्यासाठी आणि थांबण्यासाठी लागणारे अंतरही वाढले आणि रस्ते अपुरे पडू लागले. हेन्री फोर्ड यांनी जानेवारी १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट क्लेअर सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठभागावर, बर्फावर राख पसरून, ताशी १४७ किलोमीटर वेग गाठला. इतरांनी ओहोटीनंतर घट्ट होणाऱ्या समुद्रकिनाऱ्यांचा आश्रय घेतला. फ्लोरिडाच्या अशाच किनाऱ्यावर १९०६ मध्ये फ्रेड मॅरियट यांनी स्टॅन्ली बंधूंच्या वाफेच्या मोटारीने ताशी २०५ किलोमीटर वेग नोंदवला. पुढच्याच वर्षी त्याहून अधिक वेगाच्या प्रयत्नात मोटार वाळूतील उंचवट्यावर आदळून हवेत उचलली गेली आणि तिचे तुकडे झाले. मॅरियट बचावले. हवा मोटारीला केवळ मागे ओढत नाही, ती तिला वरही उचलू शकते, हा धडा या अपघाताने दिला. मात्र मोटार जमिनीला दाबून धरणारा आकार कसा असावा, याचे पद्धतशीर ज्ञान यायला त्यानंतर काही दशके लागली.

वाऱ्याचा फायदा कोणाला मिळू नये म्हणून पुढे विरुद्ध दिशांच्या दोन धावांची सरासरी धरण्याचा आणि दोन्ही धावा एका तासात पूर्ण करण्याचा नियम आला. जून १९१४ मध्ये चालक हॉर्नस्टेड यांनी इंग्लंडमधील ब्रूकलँड्स ट्रॅकवर या पद्धतीने नोंदवलेला वेग ताशी १९९.७ किलोमीटर होता, म्हणजे त्याच ट्रॅकवर १९०९ साली एका दिशेने नोंदल्या गेलेल्या २०२.७ पेक्षा कमी. माझ्या दृष्टीने हा कमी आकडाच अधिक मोलाचा आहे. या नियमाने मोटार सज्ज करण्याचा अर्थच बदलला. ती एकदा धावून भागत नव्हते. तासाभरात टायर बदलून, इंजिन निववून, इंधन भरून आणि मोटार वळवून तेच पुन्हा करून दाखवावे लागे.

टायरची गोष्ट इथून गंभीर होते. मार्च १९२७ मध्ये हेन्री सीग्रेव्ह यांनी फ्लोरिडातील डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी ३२७.९७ किलोमीटर वेग गाठला आणि ताशी २०० मैलांची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली. त्यांच्या सनबीम मोटारीत विमानाची दोन इंजिने होती, एक चालकाच्या पुढे आणि दुसरे मागे. इंजिने विमानविद्येने आयती दिली होती. तो वेग सहन करणारे टायर मात्र कोठेही आयते मिळत नव्हते. साधारण ४५ सेंटिमीटर त्रिज्येचे चाक या वेगाने फिरू लागले की त्याच्या धावेवरचा, म्हणजे टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या बाहेरच्या थरावरचा, दहा ग्रॅम रबराचा तुकडा बाहेरच्या दिशेने सुमारे १९ किलोच्या भाराने ओढला जातो. म्हणून जाड धाव हीच सर्वांत घातक ठरते: रबर जितके जास्त, तितके ते सुटून उडण्याची भीती जास्त, आणि जाड रबरात साचणारी उष्णताही अधिक. विक्रमाच्या टायरवर त्यामुळे रबराचा अगदी पातळ थर ठेवत आणि भार सुती दोऱ्यांच्या थरांवर सोपवत. असे टायर त्या वेगाला जेमतेम काही मिनिटे टिकत. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२८ मध्ये, अमेरिकेचे फ्रँक लॉकहार्ट याच किनाऱ्यावर टायर फुटून मृत्युमुखी पडले.

हाच हिशेब ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या साध्या मोटारीच्या साधारण ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला लावला, तर दहा ग्रॅमचा तुकडा पावणेचार किलोच्या आसपास ओढला जातो. वैदर्भीय उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता तापलेला असताना, हवा कमी असलेला किंवा झिजलेला टायर तासन्‌तास या भाराखाली फिरतो, तेव्हा काय होते हे समृद्धीवरच्या अपघातांनी दाखवून दिले आहे. महामार्गावर चढण्यापूर्वी टायर तपासण्याच्या आग्रहामागे हेच जुने गणित आहे, आणि तो आग्रह मला पूर्णपणे योग्य वाटतो.

अपघाताचे कारण ठरवणेही सोपे नव्हते. मार्च १९२७ मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर जे. जी. पॅरी-थॉमस यांचा ‘बॅब्ज’ या मोटारीत मृत्यू झाला. चाकाला शक्ती पोहोचवणारी साखळी तुटून त्यांना लागली, असे दीर्घकाळ मानले जात होते. मोटार तेथेच वाळूत पुरण्यात आली होती. १९६९ मध्ये ती उकरून काढण्यात आली आणि पुढे दुरुस्त करण्यात आली, तेव्हा मागच्या चाकाचा बिघाड हे आधीचे कारण असावे, असा निष्कर्ष पुढे आला.

किनारेही पुढे अपुरे ठरले. माल्कम कॅम्बेल यांनी सप्टेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी ४८४.६ किलोमीटर वेग गाठला. त्यांच्या मोटारीची मागची चाके जोडीची होती आणि वेग मोजला जाणाऱ्या मैलात रेडिएटरचे तोंड झडपेने बंद करून हवेचा अवरोध घटवण्याची सोय होती. मीठ लांबलचक आणि सपाट असले तरी ओलसर जागी चाके जागेवरच फिरतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवरची विरळ हवा अवरोध कमी करते, पण इंजिनाची ताकदही घटवते.

दरम्यान कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर बेताच्या पैशांत हेच काम करणारे तरुण जमू लागले होते. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन वेळमापनाची संघटना उभी केली आणि १९४९ पासून बॉनव्हिलवर त्यांचा वार्षिक मेळावा सुरू झाला. जुन्या फोर्डचे मडगार्ड, दिवे आणि काच काढून टाकणे, मागची दंतचक्रे बदलणे, इंजिनाचे हेड घासून दाब वाढवणे, ही त्यांची कामे नागपुरात स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आपलीच वाटावीत. ट्रॅकवर जाण्याआधी प्रत्येक मोटारीच्या तांत्रिक तपासणीची शिस्त अशा मेळाव्यांतून मुरत गेली, आणि तिच्यामागे टायर, चाके व ब्रेक यांनी घेतलेले बळी होते.

रबराचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. जेट इंजिनांनी वेग ताशी हजार किलोमीटरच्या पुढे नेला, तेव्हा १९८३ मध्ये रिचर्ड नोबल यांची ‘थ्रस्ट २’ ही मोटार अमेरिकेतील नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात टायरशिवाय, भरीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर धावली. १९९७ मध्ये ध्वनीचा वेग ओलांडून ताशी १,२२७.९८ किलोमीटरची नोंद करणाऱ्या ‘थ्रस्ट एसएससी’च्या चाकांनाही रबर नव्हते.